पाच अक्षांचा पॅरलल पोर्ट ब्रेकआउट बोर्ड: माल ठीक, पत्रक कच्चं

एका कडेला २५ पिनांचा डीबी-२५ कनेक्टर, शेजारी चौकोनी यूएसबी खाच, एक रिले, दोन-चार ऑप्टोकप्लर (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या चिपा) आणि तिन्ही बाजूंनी हिरवी स्क्रू टर्मिनलं. कॉम्प्युटरने चालणाऱ्या (सीएनसी) मशीनमध्ये पॅरलल पोर्ट आणि मोटरींचे ड्रायव्हर यांच्या मधे बसणारा हा बोर्ड कुणी बनवला ते त्यावर कुठेच छापलेलं नसतं. रंग कधी लाल, कधी निळा, कधी हिरवा. नावं दहा, मांडणी थोड्याफार फरकाने तीच. हौशी राउटर, छोटं मिलिंग मशीन, प्लाझ्मा टेबल, कशावरही तो बसलेला दिसतो.

त्याच्याबद्दलच्या तक्रारीही ठरलेल्या. मोटर गुणगुणते पण फिरत नाही. कॉम्प्युटरला यूएसबी दिसतच नाही. सॉफ्टवेअर चालू केलं की सगळ्या मोटरी सैल पडतात. तासभर काम झालं की शून्य सरकलेलं असतं. यातली बहुतेक गाऱ्हाणी बोर्डाच्या नव्हे, तर सोबत येणाऱ्या एकपानी पत्रकाच्या नावावर लिहायला हवीत. त्या पानावर एक धूसर चित्र असतं, आणि हातातल्या बोर्डाशी ते जुळेलच असं नाही. त्यामुळे टीबी ६६०० किंवा डीएम ५४२ सारखे स्टेपर मोटरीचे ड्रायव्हर या बोर्डाला कसे जोडायचे हे सांगितल्याशिवाय त्याचं परीक्षण पुरं होत नाही.

बोर्ड नेमकं करतो काय

फारसं काही नाही, आणि तेच समजून घ्यायचं आहे. मोटरीला एकेक पाऊल टाकायला लावणारे पल्स कॉम्प्युटर बनवतो. मोटरीला करंट ड्रायव्हर देतो. मधला बोर्ड म्हणजे पोर्टच्या नाजूक सिग्नलला आधार देणारा बफर आणि स्विचचे सिग्नल उलट दिशेने सुरक्षितपणे आणणारे ऑप्टोकप्लर, एवढंच. यूएसबी खाचेतून फक्त ५ व्होल्ट येतात, डेटाच्या तारा कुठेच गेलेल्या नसतात. कॉम्प्युटरला तो ‘दिसत’ नाही याचं कारण तिथे दिसण्यासारखं काही नाहीच. मोबाईलचा चार्जर लावला तरी बोर्ड तितकाच चालतो.

पोर्टच्या २५ पिनांपैकी २ ते ९, शिवाय १, १४, १६ आणि १७ या बाहेर जाणाऱ्या. १०, ११, १२, १३ आणि १५ या आत येणाऱ्या. १८ ते २५ ग्राउंड. म्हणजे आउटपुट एकूण बारा. आता जाहिरातीचं गणित करून पाहा: पाच अक्ष, प्रत्येकाला पल्स आणि दिशा, झाल्या दहा पिना. वर एनेबल (मोटरी चालू किंवा सैल करणारा सिग्नल), रिले आणि स्पिंडलचा, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या मोटरीचा, वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम धरला की तेरा. बारा पिनांत तेरा कामं बसत नाहीत, म्हणून बोर्डावर पाचवा अक्ष आणि रिले किंवा पीडब्ल्यूएम एकाच पिनेवर वाटून दिलेले असतात. ‘पाच अक्ष’ हे खरं आहे, फक्त बाकी सोयींसह एकाच वेळी नाही. तीन किंवा चार अक्षांच्या मशीनला याने काही अडत नाही.

रूढ वाटणी अशी: २ आणि ३ वर एक्सचा पल्स व दिशा, ४ आणि ५ वर वाय, ६ आणि ७ वर झेड, ८ आणि ९ वर ए. पण कोणती पिन कोणत्या अक्षाची हे शेवटी सॉफ्टवेअरच ठरवतं. टर्मिनलाजवळ ‘एक्सपी’ छापलंय की ‘पी२’, याने फरक पडत नाही, मात्र ते टर्मिनल पोर्टच्या कोणत्या पिनेला गेलंय ते मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर एकदा तपासून कागदावर उतरवा. मधे बफर असल्यामुळे थेट बीप येणार नाही. बफरच्या पायापर्यंत एक आणि तिथून पुढे एक, असं दोन टप्प्यांत तपासावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण पत्रकावरच्या चित्रापेक्षा हा कागद शंभरपट भरवशाचा.

बफरच्या चिपवरचा नंबरही भिंगाखाली वाचून ठेवा. ७४एचसी१४ किंवा ७४एचसी२४४ असेल तर ५ व्होल्टच्या सप्लायवर त्याला साधारण साडेतीन व्होल्टच्या वरचा सिग्नलच खात्रीने ‘हाय’ वाटतो. जुन्या मदरबोर्डचा पोर्ट तेवढा देतो. नव्या काही पीसीआय एक्स्प्रेस कार्डांची पातळी ३.३ व्होल्टची असते, आणि तिथे एचसी चिप कधी ऐकते, कधी ऐकत नाही. नावात ‘एचसीटी’ असेल तर प्रश्न मिटला, कारण तिला २ व्होल्ट पुरतात. एकाच विक्रेत्याकडच्या दोन बोर्डांवर दोन वेगळ्या चिपा निघू शकतात, त्यामुळे ‘माझ्याकडे तर छान चालतो’ या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही.

ड्रायव्हरच्या सहा वायरी

टीबी ६६०० असो की डीएम ५४२, सिग्नलच्या बाजूला सहा स्क्रू: पल्स+ पल्स−, डिर+ डिर−, एना+ एना−. प्रत्येक जोडीच्या आत एक ऑप्टोकप्लरचा एलईडी आणि त्याच्या मालेत साधारण ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर. बस. हा एलईडी पेटवणं आणि विझवणं हेच बोर्डाचं काम, आणि वायरिंगचे सगळे वाद इथेच सुटतात.

हिशेब करा. एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. ५ मधून ते वजा केले की उरले ३.८. ३३० ओहमने भागलं की ११.५ मिलिअँप. बफरच्या आतलाही थोडा अवरोध धरला तर हातात साधारण १० मिलिअँप येतात. हे ड्रायव्हरला पुरेसे आहेत. पण ७४एचसी१४ च्या एका आउटपुटचा करंट तपशीलपत्रकात ४ मिलिअँपला मोजलेला असतो आणि कमाल मर्यादा २५ ची. म्हणजे एका ड्रायव्हरलाच तो दम लावून करंट देतोय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीनदा कामाला येणार आहे.

जोडण्याच्या रीती दोन. पहिलीत तिन्ही प्लस एकत्र करून बोर्डाच्या ५ व्होल्टला जोडायचे आणि बोर्डाचे सिग्नल मायनसवर आणायचे. पिन ‘लो’ झाली की एलईडी पेटतो. हिला कॉमन अ‍ॅनोड म्हणतात. दुसरीत तिन्ही मायनस एकत्र करून बोर्डाच्या ग्राउंडला आणि सिग्नल प्लसवर. पिन ‘हाय’ झाली की एलईडी पेटतो. ही कॉमन कॅथोड. या बोर्डाचे बफर दोन्हीकडे सारखाच करंट देतात, त्यामुळे दोन्ही रीती चालतात. एकाच मशीनवर दोन्ही मिसळू नका, एवढंच; नाहीतर सॉफ्टवेअरमधल्या, सिग्नल ‘लो’ला सक्रिय की ‘हाय’ला हे ठरवणाऱ्या, उलट-सुलट खुणांचा गोंधळ वर्षभर पुरतो.

आमची पसंती कॉमन अ‍ॅनोडला. पुढे एनेबलसाठी ट्रान्झिस्टर लावायचा झाला तर तो याच रीतीत सरळ बसतो. अट एकच, प्लसवरचे ५ व्होल्ट त्याच बोर्डाच्या टर्मिनलमधून घ्यायचे. दुसऱ्या अडॅप्टरमधून घेतले आणि बोर्डाची यूएसबी निघाली, तर करंट एलईडीतून बफरच्या आउटपुटमध्ये शिरून त्याच्या आतल्या डायोडमार्गे बंद बोर्डाला अर्धवट चेतवतो. मग दिवे मिणमिणतात, मोटरी अधूनमधून दचकतात, आणि कारण काही सापडत नाही.

बोर्डाऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारं एखादं कंट्रोलर कार्ड असेल तर मात्र कॉमन अ‍ॅनोड टाळा. प्लसवर ५ व्होल्ट, मायनसवर ‘हाय’ म्हणजे ३.३ व्होल्ट, फरक उरला १.७ व्होल्टचा. एलईडीचे १.२ वजा केले तरी दीड मिलिअँप वाहतच राहतात. एलईडी पुरता विझतच नाही आणि ड्रायव्हर पावलं गिळतो. तिथे कॅथोड लावावं तरी साडेसहा मिलिअँपच्या आतच मिळतात, म्हणजे काठावर पास. अशा ठिकाणी मधे ५ व्होल्टचा एचसीटी बफर हवाच. हा स्वस्त बोर्ड नेमका तेच करतो, हा त्याचा खरा उपयोग.

आता तो १० मिलिअँपचा हिशेब. गॅन्ट्रीला, म्हणजे टेबलावरून सरकणाऱ्या कमानीला, दोन बाजूंनी दोन मोटरी असल्या की अनेकजण वायच्या एकाच पिनेवरून दोन ड्रायव्हर समांतर चालवतात. वीस-बावीस मिलिअँप मागितले जातात, सिग्नलची पातळी खचते, आणि दोनपैकी एक मोटर जोराच्या हालचालीत पावलं चुकवते. गॅन्ट्री तिरकी होते. उपाय सोपा: दुसरा ड्रायव्हर ए अक्षाच्या पिनांवर घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये ए ला वायचा जोडीदार करा. पिना शिल्लक असताना कंजुषी कशाला?

२४ व्होल्टचे सिग्नल देणारं पीएलसी (कारखान्यातल्या यंत्रांचं कंट्रोलर) असेल तर प्रत्येक सिग्नलच्या मालेत २ किलोओहम, १२ व्होल्टला १ किलोओहम. या बोर्डाला यातलं काही लागत नाही. लागतंय असं वाटलं तर वायर चुकीच्या टर्मिनलात आहे. काही नव्या ड्रायव्हरांना बाजूला ५ की २४ व्होल्ट असा छोटा स्विच असतो आणि तो बहुधा २४ वर येतो. ५ व्होल्टच्या सिग्नलला मोटर ढिम्म हलत नसेल तर आधी तो स्विच बघा.

एनेबलची भानगड

या ड्रायव्हरांत एनेबलचा अर्थ नावाच्या उलटा आहे. एना+ आणि एना− मध्ये करंट नसेल तर ड्रायव्हर चालू. करंट वाहू लागला की मोटर सैल. म्हणजे दोन्ही स्क्रू रिकामे ठेवले तरी मशीन व्यवस्थित चालतं, आणि पहिल्या जोडणीत ते रिकामेच ठेवावेत. ‘सॉफ्टवेअर रीसेटमधून बाहेर आलं की मोटरी सैल पडतात’ ही तक्रार निव्वळ याच उलटेपणाची. सॉफ्टवेअरमध्ये एनेबल पिनेची खूण उलटी केली की संपली.

पण दुसरी गोम अधिक गंभीर. बोर्डावर एनेबलचं टर्मिनल एक, ड्रायव्हर चार. पत्रकातल्या चित्रात चारही एना एका पिनेला साखळीने जोडलेले असतात. चार गुणिले दहा म्हणजे ४० मिलिअँप, आणि चिपची कमाल मर्यादा २५. एकतर पिन गरम होऊन कालांतराने मरते, नाहीतर पातळी इतकी खचते की दोन ड्रायव्हर सैल होतात आणि दोन घट्ट राहतात. एनेबल खरंच हवं असेल तर मधे यूएलएन२००३ ही ट्रान्झिस्टरांची चिप लावा. तिचा एकेक चॅनेल ५०० मिलिअँपपर्यंत खेचतो. बोर्डाची पिन तिच्या इनपुटला, आउटपुट चारही एना− ना, चारही एना+ बोर्डाच्या ५ व्होल्टला, दोघांचं ग्राउंड एक. मधल्या चिपने सिग्नल उलटा होतो, हे सॉफ्टवेअरमध्ये खूण लावताना विसरू नका.

आणि एनेबलला सुरक्षेचं साधन समजू नका. मोटर सैल करणं म्हणजे झेडवरचा स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येऊ देणं.

टीबी ६६०० चा डबा

या बोर्डाबरोबर सर्वाधिक विकला जाणारा ड्रायव्हर म्हणून त्याबद्दल चार शब्द. अस्सल टीबी ६६०० चिप १/१६ मायक्रोस्टेपपर्यंतच, म्हणजे मोटरीच्या एका पावलाचे सोळा तुकडे करण्यापर्यंतच, जाते. तुमच्या डब्यावर १/३२ छापलेलं असेल तर आत ती चिप नाही. अशा अनेक डब्यांत टीबी ६७एस१०९ निघते. ती वाईट चिप नाही, मध्यम वेगात बरीच शांत चालते. फक्त डब्यावरच्या ४ अँपच्या आकड्याला भुलू नका. तो क्षणिक शिखराचा आहे, सततचा आकडा ३.५, आणि तोही पंख्याची हवा असेल तर. २.८ अँपच्या मोटरीला २.५ वर चालवलं तर टॉर्क किंचित कमी मिळतो, पण डबा हात लावण्याइतका थंड राहतो.

स्विच सहा. पहिले तीन मायक्रोस्टेपचे, पुढचे तीन करंटचे. १/८ साठी ऑफ-ऑन-ऑफ, १/१६ साठी ऑफ-ऑफ-ऑन, २.५ अँपसाठी ऑफ-ऑन-ऑन. तरीही डब्यावरचा तक्ता एकदा पाहाच, आणि स्विच बदलताना सप्लाय बंद ठेवा.

डीएम ५४२ चं अंतर इथे जाणवतं. त्याला २० ते ५० व्होल्ट चालतात, थांबलेल्या मोटरीचा करंट निम्मा करायला चौथा स्विच आहे, आणि कमी वेगातला खडखडाट बराच कमी. नेमा २३ मापाच्या मोठ्या मोटरी असतील तर बोर्ड हाच ठेवा आणि वाचलेले पैसे डीएम ५४२ वर घाला. त्याहून लहान नेमा १७ ला टीबी ६६०० पुरेसा.

मोटर आणि सप्लाय

मोटरीच्या वायरींचे रंग कुणीही कसेही लावतं, त्यांच्यावर विसंबू नका. चार वायरींच्या मोटरीत कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि दांडा बोटांनी फिरवा. अडखळत, जड फिरला की ती एक कॉइल. तिला ए+ ए− वर लावा, उरलेल्या दोन बी+ बी− वर. दिशा उलटी निघाली तर एकाच कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल, किंवा सॉफ्टवेअरमध्ये खूण. मोटर जागच्या जागी थरथरत असेल तर दोन कॉइलींची सरमिसळ झाली आहे, किंवा एक वायर स्क्रूखाली नुसती टेकली आहे. आठ वायरींच्या मोटरीत कॉइली समांतर जोडाव्यात. वेग टिकतो, पण करंट लेबलवरच्या एकेरी आकड्याच्या १.४ पट लागतो.

सप्लाय चालू असताना मोटरीची वायर काढू किंवा लावू नये. कॉइलमधला करंट एकदम तुटला की उसळलेला व्होल्टेज ड्रायव्हरच्या आउटपुटवर आदळतो आणि तो उडतो. चालत्या मशीनमध्ये सैल स्क्रूही हेच करतो. म्हणून मोटरीच्या बाजूला ०.७५ ते १ चौरस मिमी वायर आणि टोकाला दाबून बसवलेलं फेरूल (धातूची छोटी नळी). नुसत्या उघड्या तारेला सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ नका. सोल्डर हळूहळू दबतं आणि स्क्रू सैल होतो.

टीबी ६६०० ची मर्यादा ४२ व्होल्ट लिहिलेली असते, पण सप्लाय ३६ चा घ्या. जड टेबल वेगातून थांबताना मोटर जनरेटर होते आणि व्होल्टेज वर ढकलते. ते पाच-सहा व्होल्ट त्यासाठी मोकळे ठेवायचे. मोटरीला जास्तीत जास्त किती व्होल्ट द्यावेत याचा जुना ठोकताळा म्हणजे मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सच्या वर्गमुळाला ३२ ने गुणायचं. २.२५ मिलिहेन्रीला ४८ व्होल्ट. ही वरची मर्यादा, गाठलीच पाहिजे अशी नाही. करंटसाठी सर्व मोटरींच्या बेरजेचा दोन-तृतीयांश धरा: २.८ अँपच्या तीन मोटरी म्हणजे ८.४, त्याचे झाले ५.६ अँप. ३६ व्होल्टला सुमारे २०० वॉट. ३५० वॉटचा सप्लाय आरामात पुरतो.

प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून स्वतंत्र जोडी न्या आणि प्रत्येकीत ५ अँपचा फ्यूज. एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळी केली की शेवटचा ड्रायव्हर उपाशी राहतो आणि पहिल्याच्या वायरीवरचा सगळा गोंगाट त्याच्या वाट्याला येतो.

ग्राउंडबद्दल एकच नियम, पण तो मोडणारे फार. बोर्डावर दोन ग्राउंड आहेत: ५ व्होल्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूचं, आणि १२-२४ व्होल्टच्या, म्हणजे स्विचच्या बाजूचं. ते एकमेकांना जोडायचे नाहीत. तसंच मोटरच्या ३६ व्होल्टचं मायनस बोर्डाच्या ५ व्होल्टच्या ग्राउंडला न्यायचं काही कारण नाही. ड्रायव्हरच्या आतले ऑप्टोकप्लर त्यांना वेगळं ठेवण्यासाठीच आहेत. ‘ग्राउंड एक असावं’ हे साध्या इलेक्ट्रॉनिक्समधलं शहाणपण इथे आणलं की स्पिंडलचा गोंगाट थेट पोर्टपर्यंत पोचतो.

पल्सची रुंदी आणि सरकणारं शून्य

काही स्वस्त डब्यांत पल्सच्या वाटेवरही पीसी८१७ सारखा मंद ऑप्टोकप्लर असतो. दोन-तीन मायक्रोसेकंदांचा पल्स त्याला पुरत नाही. म्हणून सुरुवात रुंद पल्सने करा. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी लिनक्ससीएनसीत पल्सला ५,००० नॅनोसेकंद, मधल्या जागेला ५,०००, आणि दिशा बदलण्याआधी व नंतर २०,००० ठेवा. माक-३ मध्ये मोटर ट्यूनिंगच्या पानावर पल्स आणि दिशा दोन्हींना ५ मायक्रोसेकंद. मशीन नीट चाललं की मग हवे तर आकडे खाली आणा.

शून्य एकाच बाजूला थोडं थोडं सरकत असेल, आणि वेग निम्मा केला तरी सरकणं थांबत नसेल, तर तो यांत्रिक ढिलेपणा नाही. बहुधा पल्सची खूण उलटी आहे: ड्रायव्हर चुकीच्या कडेला पाऊल टाकतोय आणि दिशा बदलताना एखादं पाऊल भलत्याच बाजूला जातंय. कॉमन अ‍ॅनोड असेल आणि बोर्डाचा बफर सिग्नल उलटा करत नसेल तर पल्स ‘लो’ला सक्रिय ठरवा. मग डायल गेज लावून १० मिमी पुढे-मागे शंभर वेळा चालवा. सुई मूळ जागी आली पाहिजे. ती सरकण्याचं माप फेऱ्यांच्या संख्येनुसार वाढत असेल तर दोष खुणेत किंवा दिशेच्या वेळेत. अधूनमधून एकदम उडी मारत असेल तर गोंगाट, सैल वायर किंवा अति प्रवेग.

मायक्रोस्टेपचा मोहही इथेच नडतो. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर १/८ म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. १/३२ म्हणजे १,२८०. माक-३ नेहमीच्या २५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर १/३२ ला वेग मिनिटाला सुमारे १,१७० मिमीवर अडतो, तर १/८ ला ४,६८० पर्यंत वाव राहतो. लाकूड कापायला १/८ पुष्कळ झालं.

जोडून झाल्यावर लगेच सगळं चालू करायचं नाही. मोटरचा सप्लाय बंद ठेवून फक्त बोर्डाला ५ व्होल्ट द्या आणि ते ४.८ च्या खाली नाहीत ना ते बघा. लांब, बारीक यूएसबी वायर इथे दगा देते. सॉफ्टवेअरमधून एक अक्ष पुढे-मागे करून त्याच्या डिर+ आणि डिर− मध्ये मल्टिमीटर धरा. एका दिशेला शून्याजवळ आणि दुसऱ्या दिशेला साडेचारच्या आसपास दिसलं पाहिजे. चारच्या खाली असेल तर त्या पिनेवर ओझं जास्त आहे. मग करंट सर्वात कमी ठेवून, मोटर स्क्रूपासून सोडवून, एकेक अक्ष.

बाकीच्या सोयी

इनपुट पाचच आहेत, पण ऑप्टोकप्लरचे आहेत आणि चांगले चालतात. त्यांना १२ किंवा २४ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर एकही स्विच ओळखला जात नाही, आणि ही या बोर्डाबद्दलची दुसरी मोठी खोटी तक्रार. स्विच इनपुटला ग्राउंडकडे खेचतो, त्यामुळे प्रॉक्झिमिटी सेन्सर एनपीएन, म्हणजे ग्राउंडकडे खेचणारा, घ्यावा; पीएनपी, म्हणजे प्लसकडे खेचणारा, थेट चालत नाही. लिमिट स्विच नेहमी-बंद प्रकारचे घेऊन सगळे एका माळेत एका पिनेवर आणता येतात. वायर तुटली तरी मशीन थांबतं.

रिलेवर १० अँप, २५० व्होल्ट छापलेलं असतं. रिले तेवढा पेलेल, पण त्याखालचा तांब्याचा पट्टा आणि टर्मिनल पाहून धीर होत नाही. त्याने कॉन्टॅक्टरची (जड करंटच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवा, स्पिंडल नाही. ० ते १० व्होल्टचा स्पिंडल आउटपुट कामचलाऊ. व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) खालचा-वरचा आकडा जुळवून घ्यावा लागतो आणि मधे दोन-चार टक्के इकडेतिकडे होतं. त्यालाही १२-२४ व्होल्ट लागतात.

कमी पडतं ते म्हणजे चार्ज पंप. कॉम्प्युटर चालू होताना पोर्टच्या पिना वाटेल तशा हलतात, आणि बोर्ड ते निमूटपणे पुढे पाठवतो. रिले टकटकतो, अक्ष दचकतात, स्पिंडल रिलेवर असेल तर फिरूही शकतो. चार्ज पंप असलेला बोर्ड सॉफ्टवेअरकडून नियमित ठोके आले तरच आउटपुट सोडतो. इथे ती सोय नसल्याने मोटर आणि स्पिंडलचा सप्लाय कॉन्टॅक्टरमधून घ्या, सॉफ्टवेअर उघडल्यावरच तो ओढा आणि सॉफ्टवेअर बंद करण्याआधी सोडा. आणीबाणीचं लाल बटण याच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेवर हवं. एक संपर्क बोर्डाच्या इनपुटला न्या, म्हणजे सॉफ्टवेअरलाही कळेल, पण थांबवण्याचं काम तारांनीच झालं पाहिजे.

बनावटीत खोट काढायची तर डीबी-२५ च्या पायांचं सोल्डर. केबल ओढाताण झाली की एखादा सांधा तडकतो आणि एखादाच अक्ष रुसतो. बोर्ड हातात आल्यावर ते पंचवीस सांधे पुन्हा तापवून घ्या, आणि केबल बोर्डाजवळ पट्टीने बांधा. केबल दोन्हीकडे नर, पंचवीसच्या पंचवीस तारा सरळ असलेली हवी. दोन कॉम्प्युटर जोडायची जुनी उलटसुलट केबल दिसायला हुबेहूब तशीच असते.

कुणी घ्यावा, कुणी नाही

जुना डेस्कटॉप, खरा पॅरलल पोर्ट, लिनक्ससीएनसी किंवा ३२ बिट विंडोजवर माक-३, तीन-चार अक्ष, नेमा १७ किंवा २३ मोटरी: इथे हा बोर्ड पैशाला पुरेपूर मोल देतो. पाचपैकी साडेतीन गुण, पत्रक नीट असतं तर चार.

लॅपटॉप आणि यूएसबीवरून पॅरलल करणारी वायर घेऊन बसणार असाल तर घेऊ नका. ती वायर प्रिंटरची भाषा बोलते, पिना हव्या त्या क्षणी हलवू शकत नाही, आणि बोर्ड कितीही चांगला असला तरी मोटर फिरणार नाही. ६४ बिट विंडोजवर माक-३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर (इथे अर्थ प्रोग्राम) चालतच नाही, त्यामुळे तिथे बाहेरचा यूएसबी किंवा इथरनेट मोशन कंट्रोलर लागतो, आणि तो घेतला की त्याच्यावरच ड्रायव्हरची टर्मिनलं असतात. पीसीआय एक्स्प्रेस कार्ड टाकून हा बोर्ड चालवायचा असेल तर पोर्टचा पत्ता नेहमीचा ३७८ नसेल हे गृहीत धरा; लिनक्सवर lspci -v ही आज्ञा चालवून जो पत्ता दिसेल तो लिहा, आणि बोर्डावरची चिप एचसीटी आहे का ते कार्ड विकत घेण्याआधी बघून घ्या.